हात फिरवणारे चाचा

एक काळ असा होता, की आमच्या नागभीडमधल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यात, डाव्या बाजूला जरा वर, तांदळाच्या कणीएवढा पांढरा उजेड असायचा. अर्थात फोटोत. प्रत्यक्षात आमच्या माणसांच्या डोळ्यांत भाताच्या रोवणीच्या दिवसांत झोप असते आणि बाकी वर्षभर संशय. पण फोटूवाल्या चाचांनी फोटो काढला, की अगदी तलाठ्याच्या डोळ्यातसुद्धा ती कणी येऊन बसायची. चाचा ती बारीक ब्रशच्या टोकानं ठेवायचे, श्वास रोखून. "डोळ्यात जान आली पाह्यजे," म्हणायचे. "नाईतर जिंदा माणसाचा फोटू आन मुडद्याचा फोटू, फरक काय राह्यला?"

चाचांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची वेळ कोणावर आली नाही. स्टेशनकडून बाजारात जाताना लागणारा तो एकच स्टुडिओ, त्याच्या दोन घरं पलीकडे आमचं घर. माझे बाबा रेल्वेत होते. चाचा पानाचे शौकीन, अंगानं किडमिडे आणि डोळ्यांनी घारे. त्या घाऱ्या डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान. उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या खालच्या अंगाला, एक तपकिरी तीळ होता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, डोळ्यात तीळ असलेला माणूस नशीबवान असतो. चाचांचं नशीब आम्ही रोज बघत होतो, त्यामुळे या शास्त्रावर माझा विश्वास कधी बसला नाही.

त्यांच्या धंद्याचा मूळ सिद्धांत असा, की कोणताच चेहरा आहे तसा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. याला ते 'हात फिरवणं' म्हणत. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून, नंतर कॉम्प्युटरवर. देवीचे व्रण, पुढे आलेला दात, तिरळा डोळा, दोन हनुवट्या, सगळ्यावर हात फिरायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, लोकांना न विचारता काऊन करता?" तर म्हणाले, "बेटा, उपरवाल्याकडे केवढी लाइन राह्यते. एकेकाले किती टाइम देणार तो? घाईत बनवून पाठवते. मंग मागून कोणीतरी फिनिशिंग करा लागते ना." देवाचं उरलेलं काम आपल्याकडे आलं आहे, याचं त्यांना अजिबात ओझं वाटत नसे.

या फिनिशिंगचे परिणाम गावाला भोगावे लागत. ब्रह्मपुरीकडचे एक पाहुणे फोटो पसंत करून मुलगी बघायला आले. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन नमस्कार करून समोर बसली, तरी मंडळी दाराकडेच बघत राहिली. शेवटी मुलाच्या मामानं विचारलं, "पोरगी कवा येते बाहेर?" ते लग्न मोडलं. मुलीचा बाप तावातावानं दुकानात आला. चाचांनी त्याला बसवलं, पान दिलं आणि उलट त्यालाच सुनावलं, "माह्या फोटूत काई खराबी असन तं सांगा. पोरीत असन तं मी काय करू?" बाप पान चघळत परत गेला. त्या मुलीचं पुढं चिमूरला चांगलं झालं, आणि लग्नाचे फोटो काढायला कोण होतं हे सांगायला नको.

दुसरा किस्सा बैलाचा. आमच्याकडे जंगल काही लांब नाही, वाघ बैल मारतो, आणि भरपाईसाठी मारलेल्या बैलाचा फोटो सरकारात द्यावा लागतो. एका शेतकऱ्यानं चाचांना शिवारात नेलं. चाचांनी फोटो काढले, दुकानात आणले, आणि त्यांना राहवेना. रक्त पुसलं, मानेवरच्या दातांच्या खुणा बुजवल्या, खालचं गवत हिरवं केलं. डोळ्यात कणी ठेवली. वनखात्याच्या साहेबांनी फोटो बघून शेतकऱ्याला विचारलं, "हा बैल झोपला आहे का?" पुन्हा फोटो काढायचे, तर बैल तोवर कोल्ह्यांनी संपवला होता. तेव्हा चाचांनी त्याच फोटोत रक्त परत भरलं, आणि भरताना हात जरा सैल सुटला. साहेब म्हणाले, एवढं रक्त एका बैलात नसतं.

माझ्या घराशी मात्र त्यांचं एकदा जोरदार वाजलं. मी दहावीला होते, शाळेसाठी फोटो काढला, आणि चाचांनी मला गोरीपान करून दिली. मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आईला वाटलं नाही. ती फोटो घेऊन तडक दुकानात गेली. "भाऊ," ती म्हणाली, "हे कोणाची पोरगी आहे? आमच्या पोरीचा रंग आम्हाले चालते. तुमाले नसन चालत तं फोटू काढू नका." आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेल्या पोरीनं स्वतःच्या रंगाची लाज धरायची नाही, हा आईचा कायदा होता. चाचा म्हणाले, "भाभी, लाइट जास्त पडला." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन प्रिंट घरी आणून दिली. रंग माझा होता. कणी मात्र होतीच. आई म्हणाली, असू दे तेवढी.

मी पुढं चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला शाळेत मराठी शिकवायला लागले. वह्या तपासून तपासून चूक दिसली की हात शिवशिवायची सवय लागली. चाचा माझ्या या नोकरीवर खूश नव्हते. "तू लोकाईच्या चुका लाल करते, मी पुसून टाकतो. सांग, पुण्य कोणाले लागन?" असं म्हणून हसायचे. त्यांची दोन्ही मुलं हैदराबादला. त्यामुळे चाचा-चाचींना दवाखान्याचं काही निघालं, की फोन मला यायचा.

तसा एक फोन आला. चष्म्याचा नंबर काढायचा होता. मी त्यांना चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, उजव्या डोळ्यात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि नंबराचं बोलणं सोडून नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. चाचा बाहेर येऊन म्हणाले, "तिळाले बघून राह्यला होता. जिंदगीत घारे डोळे पाह्यले नसन त्यानं."

नागपूरच्या डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला अगदी स्पष्ट. त्यांनी डोळ्याचे मोठाले फोटो काढले, डोळ्याला भिंग लावून कडा तपासल्या, पाण्याची वाटी टेकवून सोनोग्राफी केली. मग आम्हाला समोर बसवून सांगितलं, "बुबुळाच्या रंगीत पडद्यावर हा डाग आहे. साधा तीळ असू शकतो, किंवा मेलानोमा. म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर फक्त लक्ष ठेवू. वाढत असेल तर पडद्याचा तेवढा तुकडा कापून काढू. वेळेत काढला तर डोळा वाचतो, नजर वाचते. पण कडेकडेनं पसरला आणि डोळ्यातला दाब चढला, तर मग अख्खा डोळाच काढावा लागतो." मी विचारलं, इतका मोठा रोग आमच्याच वाट्याला कसा? त्या म्हणाल्या, आपल्याकडे हा फार क्वचित दिसतो, परदेशात घाऱ्या-निळ्या डोळ्यांच्या लोकांत जास्त. चाचा खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे फॉरेनची बिमारी आहे," ते मला म्हणाले. मी कॅन्सर या शब्दापाशीच अडकले होते आणि या माणसाला प्रतिष्ठा मिळाली होती.

डॉक्टरीणबाईंना हवा होता जुना फोटो. पाच-दहा वर्षांपूर्वीचा, जवळून काढलेला, म्हणजे तीळ तेव्हा केवढा होता ते कळेल. मी म्हटलं, फोटोंची काय कमी, माणूस फोटोग्राफर आहे. पुढच्या खेपेला पिशवी भरून फोटो नेले. लग्नातले, हजला निघालेल्या भावासोबतचे, दुकानाच्या उद्घाटनाचे. डॉक्टरीणबाई एकेक फोटो भिंगाखाली धरू लागल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यात तर काहीच नाही. हा डाग अलीकडेच उगवलाय की काय? मग तर फार वेगानं वाढतोय." चाचा खाली मान घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "तीळ होता मॅडम. पैल्यापासून होता. मीच काढत होतो."

जन्मभरात या माणसानं स्वतःचा एक फोटोसुद्धा हात न फिरवता सोडला नव्हता. त्या तिळाचा पुरावा जगात कुठेच नव्हता, आणि जो होता तो त्याच्या मालकानं पुसून टाकला होता. डॉक्टरीणबाईंना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की आता आपण स्वतः मोजायचं. आज काढलेला फोटो हा पहिला. दर तीन महिन्यांनी इथे येऊन तपासणी, आणि मधल्या काळात दर महिन्याला डोळ्याचा जवळून काढलेला फोटो माझ्या फोनवर, तो मी त्यांना पाठवायचा. जरा जरी वाढ दिसली तरी ताबडतोब यायचं. "काका, लवकर आलात तर छोटं ऑपरेशन. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. परतीच्या गाडीत भिवापूर गेल्यावर चाचा म्हणाले, "कॅमेऱ्याले डावा डोळा नाई चालत बेटा. उजवाच लागते. आता डाव्याले कोण शिकवणार?"

दर महिन्याला फोटो येऊ लागला. स्वच्छ, झकास, कडा न् कडा स्पष्ट. तीळ तेवढाच. मी पुढे पाठवायची, डॉक्टरीणबाईंचं उत्तर यायचं, छान आहे, तपासणीला कधी येताय? तपासणीला यायला मात्र चाचांना फुरसत नसायची. कधी लग्नसराई, कधी चाचीचे गुडघे, कधी गाडी उशिरा. फोटो चांगला असल्यामुळे कोणाला घाई वाटली नाही. फोनवर ते एकच सांगायचे, "एकदम क्लीन आहे. तू तुह्या पोराईच्या वह्या तपास."

एका रविवारी मी घरी निवांत बसून त्यांचा नवा फोटो फोनवर मोठा करून बघत होते. बुबुळाच्या मधोमध कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड पडलेला होता. ठीक. आणि त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला जरा वर, तांदळाची कणी होती. मी मागचे फोटो उघडले. कणी. त्याच्या मागचा, कणी. रोगी डोळ्याचा डॉक्टरला पाठवायचा फोटो, आणि या माणसाला त्यातही जान आणल्याशिवाय राहवलं नव्हतं. पण कणी ठेवायला ब्रश हातात घेतला असेल, तर तो कणीवरच थांबला असेल का? मी चहाखालचा गॅस बंद केला आणि तशीच नागभीडची बस पकडली.

दुकानात एक बाई मुलाला घेऊन फोटोला बसली होती. मी तिच्यादेखत चाचांचा चष्मा काढला आणि त्यांचं तोंड उजेडाकडे फिरवलं. तीळ आता तीळ राहिला नव्हता. सांडलेल्या चहासारखा तो बुबुळाच्या कडेकडेनं वळत गेला होता आणि बाहुली त्या बाजूला ओढली गेली होती. मी शाळेत मुलांवर कधी ओरडले नाही इतकी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बेटा, गिऱ्हाईक आहे समोर."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी सांगितलं. "दर महिन्याले थोडा थोडा वाढून राह्यला होता. मी थोडा थोडा कमी करत गेलो. म्हटलं, फोटूत तरी थांबू दे." मी विचारलं, दुखत नव्हतं का? तर म्हणाले, महिन्याभरापासून दुखते, उजेडाभवती गोल गोल रंग दिसतात. "मंग सांगितलं काऊन नाई?" मी त्यांच्याच भाषेत ओरडले. "त्या मॅडमनं सांगितलं ना, वाढला तं कापतो. माहा उजवा डोळा आहे तो. कापू देऊ?" यावर मला रडू आलं. त्यांनी मला रुमाल दिला, फोटोला बसणाऱ्यांसाठी आरशाजवळ ठेवलेला असायचा तो, पावडरचा वास येणारा.

नागपूरला डॉक्टरीणबाईंनी सुईनं पेशी काढून तपासल्या. मेलानोमाच होता. कडेच्या सगळ्या भागात पसरलेला, दाब चढलेला. यकृताची, छातीची तपासणी झाली, ती चांगली आली, तेवढाच दिलासा. आता तुकडा काढून भागण्यासारखं नव्हतं, डोळा काढणं हाच मार्ग होता. मी फोटोंचं सगळं सांगून टाकलं, आणि मला वाटलं त्या चाचांना फाडून खातील. त्यांनी आधीचा एक फोटो आणि आजचा फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले, बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "काका, मी दिवसभर डोळेच बघते. तरी मला कळलं नाही. काय हात आहे तुमचा." चाचा इतके खूश झाले, की ऑपरेशनच्या कागदावर सही करायची होती ती त्यांनी हसत हसत केली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी मला उजव्या डोळ्याचा फोटो काढायला लावला, माझ्या फोनवर. मी काढून दाखवला. दोन बोटांनी मोठा करून ते बघत राहिले. "बराच खराब झाला होता ना," एवढंच म्हणाले आणि फोन मला परत दिला.

पुढं जखम भरल्यावर खोटा डोळा बसवायचा ठरलं. तो बनवणारा माणूसही नागपूरचाच, डाव्या डोळ्याकडे बघून उजवा रंगवणारा. इथे चाचांना जन्मात पहिल्यांदा जातभाई भेटला. तीन बैठकांत त्यांनी त्याला भंडावून सोडलं. घारेपणात जरा हिरवं टाका, कडेला राखाडी जास्त झालं, शिरा थोड्या लाल दाखवा. पांढरी कणी ठेवायचीच, असा त्यांचा आग्रह. तो म्हणाला, चाचा, काचेसारखा गुळगुळीत डोळा आहे, उजेड आपोआप चमकतो, रंगवलेली कणी दिवसरात्र एकाच जागी दिसेल. चाचांना पटलं नाही, पण दुसऱ्याच्या धंद्यात फार बोलू नये म्हणून गप्प बसले.

डोळा झक्क जमला होता, बघून कोणीही म्हणावं. फक्त तो वळायचा कमी. चाचा दाराकडे बघत तेव्हा खरा डोळा दारापर्यंत पोचायचा आणि दुसरा वाटेत रेंगाळायचा. त्यांनी डाव्या डोळ्याला कॅमेरा शिकवला. थोडे तिरके फोटो यायचे, ते मागून सरळ करून घ्यायचे. आणि येईल त्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून विचारायचे, "सांगा, नकली कोणता?" आमचे लोक कसे, तुम्हाला माहीत आहे. भिडेखातरही खोटं बोलायचं नाही. तळोधीचा शेतकरी असो की कॉलेजची पोरगी, सगळे बिनचूक उजव्या डोळ्याकडे बोट दाखवायचे. चाचांचा चेहरा पडायचा. "या गावाले नजरच नाई," असं पुटपुटत ते कॅमेऱ्याकडे वळायचे. चाची मला फोनवर सांगायची, कोणीतरी एकदा चुकलं पाहिजे गं, रात्री जेवत नाहीत नीट.

चाचा पुढच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत, हृदयानं. डोळ्याचं त्यात काही नव्हतं, डॉक्टरीणबाईंची तपासणी शेवटपर्यंत चांगली आली आणि या वेळी ती कोणी रंगवलेली नव्हती. त्याआधीची आमची शेवटची भेट दुकानातच झाली, बुद्धपौर्णिमेला मी आईकडे आले होते तेव्हा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, पंखा गरम हवा फेकत होता. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, समोर खुर्ची ओढली, चष्मा काढला आणि छाती पुढं काढून विचारलं, "तू तं मास्तरीण आहेस. चूक पकडणारी. सांग बरं, नकली कोणता?"

मी जवळ वाकले. दोन्ही डोळे नीट बघितले, उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. त्यांनी श्वास रोखून धरला होता. मी बोट उचललं आणि डाव्या डोळ्याकडे दाखवलं.